लेखाच्या शेवटची बारीक अक्षरे

कोणताही अभ्यासपूर्ण लेख घ्या. त्याच्या अखेरीस बारीक टाइपात छापलेली एक-दोन पाने असतात. ‘संदर्भ’ असे त्यांचे शीर्षक. आपण विद्यार्थी ती पाने सहसा उलटून टाकतो. परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही. आणि प्रबंधिका लिहायची वेळ आली म्हणजे आदल्या वर्षीच्या एखाद्या प्रबंधिकेवरून ती उतरवून काढण्याची आपल्याकडे वहिवाटच आहे. वास्तविक आधारावाचून लिहू नये हा विचार आपल्याला परका नाही. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने, मुळात आधार नाही असे काही मी लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा शेकडो वर्षांपूर्वी केली होती. आधार घ्यावा एवढे तर सर्वांनाच मान्य आहे. तो कसा नोंदवावा, आणि त्या नोंदण्याच्या रीतीत एवढे काय अडले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरण मात्र मी घेणार आहे वैद्यकीय नियतकालिकांचे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात डॉक्टरांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की माझी आतेबहीण वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिने एका नियतकालिकाकडे पाठवलेला लेख, ‘संदर्भ आमच्या पद्धतीप्रमाणे करून पाठवा’ एवढ्या एका ओळीनिशी परत आला. रुग्णालयाच्या पाळ्यांतून तिला सवड नव्हती, आणि मी पडले इतिहासाची विद्यार्थिनी. तळटिपांची सवय असलेली. म्हणून ते काम माझ्याकडे आले. आरंभी ते मला स्वल्पविराम मोजण्याचे काम वाटले. जसजशी पुढे गेले तसतसे त्यातील मर्म उलगडत गेले. ते आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे मांडते.

दोन घराणी

संदर्भ देण्याच्या रीती अनेक आहेत. पण मुख्य घराणी दोन. पहिल्या घराण्यात मजकुरातच कंसामध्ये लेखकाचे आडनाव व वर्ष देतात, आणि शेवटी आडनावांच्या अकारविल्हे यादी करतात. हिला हार्वर्ड पद्धती म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे अध्यापक एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बागेतल्या गोगलगाईवर लिहिलेल्या निबंधात अशी नोंद प्रथम केली, असे साधारणपणे मानले जाते. आपल्या समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हीच रीत विशेष दिसते.

दुसऱ्या घराण्यात मजकुरात फक्त क्रमांक असतो. जो संदर्भ प्रथम आला तो एक, त्यानंतरचा दोन. आणि शेवटची यादीही त्याच क्रमाने. तोच संदर्भ पुन्हा आला तर त्याचा जुनाच क्रमांक पुन्हा द्यायचा. हिचे नाव व्हँकूवर पद्धती. वैद्यकीय नियतकालिकांत बहुतांशी हिचेच राज्य आहे.

हे नाव पडले त्याची हकिकत मनोरंजक आहे. पूर्वी प्रत्येक वैद्यकीय नियतकालिकाची संदर्भाची तऱ्हा निराळी असे. एकाने लेख नाकारला आणि लेखकाने तो दुसऱ्याकडे धाडायचे ठरवले, की सगळी यादी नव्या तऱ्हेने पुन्हा टंकलिखित करावी लागे. संगणक घरोघरी नव्हते. यादीत साठ संदर्भ असले तर टंकलेखिकेचे दोन दिवस त्यातच जात असतील. १९७८ च्या जानेवारीत काही सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूवर शहरी एकत्र जमले आणि हस्तलिखिते कशी असावीत याविषयी त्यांनी समान नियम ठरवले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने तयार केलेला होता. हे नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्या मंडळीची वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली, आणि ती आजही या नियमांत वेळोवेळी सुधारणा करत असते. तात्पर्य, जो साचा आज आपल्याला जाच वाटतो तो लेखकांचा जाच कमी करण्यासाठीच जन्माला आला.

एका संदर्भाची फोड

आता एक प्रत्यक्ष संदर्भ पाहू. मूळ रोमन लिपीतला. येथे देवनागरीत उतरवते.

रॉस आर. ऑन सम पिक्यूलियर पिगमेंटेड सेल्स फाउंड इन टू मॉस्किटोज फेड ऑन मलेरियल ब्लड. ब्र मेड जे. १८९७;२(१९२९):१७८६-८.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूची अवस्था पाहिली. त्या शोधाचे हे पहिले निवेदन, त्याच वर्षीच्या डिसेंबरात छापलेले. एवढा मोठा शोध दीड-दोन ओळींत कसा बसवला आहे तो पाहावा.

प्रथम आडनाव, मग नावाचे आद्याक्षर. आद्याक्षरापुढे बिंदू नाही, मध्ये स्वल्पविराम नाही. स्वल्पविराम राखून ठेवला आहे तो एक लेखक व दुसरा लेखक यांच्यामध्ये घालण्यासाठी. लेखक सहापर्यंत असतील तर सर्वांची नावे द्यावीत. त्याहून अधिक असतील तर पहिल्या सहांनंतर ‘व इतर’ या अर्थाची लॅटिन संक्षेपाक्षरे लिहावीत, असा बहुतेकांचा प्रघात आहे. काही नियतकालिके अशा वेळी तीनच नावे मागतात. म्हणून ज्याच्याकडे लेख धाडायचा त्याच्या ‘लेखकांसाठी सूचना’ आधी वाचणे श्रेयस्कर.

मग लेखाचे शीर्षक. त्यात पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर आणि विशेषनामे तेवढी मोठ्या लिपीत. शीर्षकाभोवती अवतरणचिन्हे नाहीत. त्यानंतर नियतकालिकाचे नाव, तेही संक्षिप्त. हा संक्षेप आपल्या मनाने करायचा नसतो. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची प्रचंड सूची छापील रूपात २००४ पर्यंत निघत होती. तिच्यात जागा वाचवण्यासाठी ठराविक संक्षेप वापरत, आणि तीच परंपरा पुढे चालू राहिली. आज हे संक्षेप अमेरिकेच्या त्याच ग्रंथालयाच्या सूचीत इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापकवर्गातर्फे १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’चे रूप होते ‘जे पोस्टग्रॅड मेड’. ‘लॅन्सेट’सारख्या एका शब्दाच्या नावाला कात्री लावत नाहीत. आणखी एक बारकावा असा की नाव लेखाच्या प्रसिद्धीच्या वेळी जे होते तेच द्यायचे. रॉस यांचा लेख छापणारे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ १९८८ पासून ‘बीएमजे’ एवढ्याच नावाने निघते. पण १८९७ च्या लेखापुढे जुन्याच नावाचा संक्षेप शोभतो.

यापुढे आकडे. वर्ष, मग अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि पृष्ठे. येथे कंसातील १९२९ हे साल नव्हे, तो त्या साप्ताहिकाचा अंकक्रमांक आहे. चिन्हांची जागा ठरलेली नसती तर रॉस यांनी लेख १८९७ मध्ये लिहिला की १९२९ मध्ये, असा प्रश्न वाचकाला पडला असता. खंड २ का? तर त्या काळी त्या साप्ताहिकाचे दर वर्षी सहामाही दोन खंड होत, म्हणून. आणि १७८६-८ याचा अर्थ १७८६ ते १७८८. सारखे असलेले आकडे पुन्हा लिहीत नाहीत.

ग्रंथाचा साचा थोडा वेगळा. लेखक, शीर्षक, आवृत्ती, गाव, अपूर्णविराम, प्रकाशक, अर्धविराम, वर्ष. उदाहरणार्थ, पार्क के. पार्क्स टेक्स्टबुक ऑफ प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. २३ वी आवृत्ती. जबलपूर: बनारसीदास भानोत; २०१५. येथे आवृत्ती गाळून चालत नाही. वैद्यकातील पाठ्यपुस्तक दर काही वर्षांनी बदलते. जुन्या आवृत्तीतील औषधाची मात्रा नव्या आवृत्तीत असेलच असे नाही.

आपल्या नावांचा घोळ

हा साचा पाश्चात्त्य नावांवर बेतलेला आहे. आपली मराठी नावे त्यात एक वेळ बसतात. वसंत रामजी खानोलकर हे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ. ते ‘खानोलकर व्ही आर’ झाले की काम भागते. पण दक्षिणेकडील पुष्कळांना आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, एवढेच. तेथे कोणता शब्द पुढे घ्यावा याचा निर्णय अंदाजाने करू नये. त्या लेखकाने आपल्या इतर लेखांवर नाव कसे छापले आहे ते पाहावे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. विवाहानंतर नाव बदलले की सूचीत एकाच बाईच्या दोन बाया होतात. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर प्रबंध लिहिला. तेथील कागदपत्रांत त्यांचे आडनाव शेवटी दोन ‘ई’ घालून लिहिलेले आहे. आज आपण जोशी हे आडनाव रोमन लिपीत ज्या रीतीने लिहितो त्या रीतीने शोधू गेल्यास तो प्रबंध नजरेतून निसटण्याचा संभव आहे. म्हणून नियम असा की नाव जसे छापले असेल तसेच उतरवावे. आपल्या दृष्टीने ते कितीही अशुद्ध असो. संदर्भ देणाऱ्याचे काम नाव सुधारण्याचे नव्हे, वाचकाला मुक्कामी पोचवण्याचे आहे.

क्रमांक कोठे ठेवावा

यादी झाली, आता मजकूर. क्रमांक वाक्यात कोठे ठेवायचा याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. समजा एका वाक्यात लिहिले आहे की अमुक आजार लहान मुलांत अधिक आढळतो आणि तो पावसाळ्यात वाढतो. पहिले विधान एका लेखातले, दुसरे दुसऱ्या. दोन्ही क्रमांक वाक्याच्या शेवटी एकत्र बांधून ठेवले तर कोणता आधार कोणत्या विधानाला, ते वाचकाला कळत नाही. ज्या विधानाला आधार आहे त्याच्या लगेच पुढे क्रमांक यावा. पाच-पाच सहा-सहा क्रमांकांचा घोस एका विधानाला लटकवणेही बरे नव्हे. त्यातून लेखकाचे वाचन दिसते. विधानाला बळकटी येते असे मात्र नाही. क्रमांक कंसात की ओळीच्या वर, हे त्या त्या नियतकालिकाच्या रिवाजावर सोडावे.

क्रमांकपद्धतीचा एक मोठा उपद्रव आहे. चाळीस संदर्भांच्या लेखात तिसऱ्यानंतर एक नवा घुसला की जुन्या चारापासून चाळिसापर्यंत सदतीस क्रमांक बदलतात. पूर्वी यासाठी प्रत्येक संदर्भाचे वेगळे कार्ड करीत आणि क्रमांक अगदी शेवटी घालीत. आज झोटेरो, एन्डनोट यांसारखे संगणकीय कार्यक्रम हे काम क्षणात करतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण त्यांत चुकीची माहिती भरली तर ते तीच चूक नीटनेटकी छापून देतात, हे ध्यानात ठेवावे.

यादीत काय घेऊ नये हेही सांगून ठेवते. कोणी तोंडी किंवा पत्राने सांगितलेली गोष्ट यादीत जात नाही. ती अत्यावश्यकच असेल तर त्या व्यक्तीची लेखी अनुमती घेऊन नाव व तारीख मजकुरातच कंसात द्यावी. नुसत्या सारांशावर विसंबू नये. स्वीकारला गेलेला पण न छापलेला लेख असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण ज्याचा आधार घेतो तो लेख पुढे मागे घेतला गेला आहे काय, हे पाहणे लेखकाचे कर्तव्य आहे. गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ मधील लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याची चर्चा करायचीच झाली तर तो मागे घेतलेला असल्याची नोंद संदर्भातच असली पाहिजे.

पाच वाक्यांचे एक पत्र

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सारा शिष्टाचार झाला. याने कोणाचे काय बिघडते? त्याचे उत्तर एका पत्रात आहे.

१० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. अफूवर्गातील वेदनाशामक औषध एकदा तरी दिले गेले असे ११,८८२ रुग्ण त्यांत होते. आणि पूर्वी व्यसन नसताना नव्याने व्यसन जडल्याची नोंद केवळ चार जणांची होती. पत्रात होते ते एवढेच. हे रुग्ण रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरी जाऊन महिनोन् महिने तीच गोळी घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात एक अक्षरही नव्हते.

पुढे काय झाले? या पत्राचा आधार एकामागून एक लेखांत दिला जाऊ लागला. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा असे ६०८ उल्लेख सापडले. त्यांपैकी ४३९ लेखांनी व्यसन क्वचितच जडते याचा पुरावा म्हणून ते पत्र पुढे केले होते. आणि ४९१ लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते हे सांगितलेच नव्हते. दरम्यानच्या काळात उत्तर अमेरिकेत ही औषधे दीर्घकालीन दुखण्यांसाठी सर्रास लिहून दिली जाऊ लागली, आणि त्या व्यसनाने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. एका पत्राने हे सारे घडले असे कोणी म्हणणार नाही; औषध कंपन्यांच्या प्रचाराचा त्यात मोठा वाटा होता. पण व्यसनाची भीती निराधार आहे अशी डॉक्टरांची समजूत करून देण्यात या उल्लेखांनी हातभार लावला, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. शेवटी नियतकालिकाने त्या जुन्या पत्रावर इशाऱ्याची टीप जोडली.

आता मजा पाहा. या संदर्भाचा साचा असा आहे: १९८०;३०२(२):१२३. पृष्ठ एकच, १२३. ज्याला हे आकडे वाचता येतात त्याला तेथेच शंका यावयास हवी की सबंध अभ्यास एका पानात कसा मावला? व्हँकूवर नियमांप्रमाणे शीर्षकापुढे चौकोनी कंसात ‘पत्र’ असे लिहिण्याची सोयही आहे. तो एक शब्द घातला असता तर वाचक सावध झाला असता. म्हणजे ज्याला आपण निर्जीव साचा म्हणतो, त्याच्यातच धोक्याची घंटा बसवलेली आहे. ती वाजवणे वा न वाजवणे लेखकाच्या हाती.

या पद्धतीचे एक उणेही येथे सांगितले पाहिजे. मजकुरात नुसता क्रमांक असल्याने पुरावा किती जुना आहे, ते वाचताना कळत नाही. हार्वर्ड पद्धतीत ‘१९८०’ हे वर्ष कंसात डोळ्यांसमोर असते. क्रमांकाने वाचन सलग होते, पण चौकसपणाला थोडी झोप लागते.

न वाचता दिलेले आधार

या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मूळ लेख न वाचता, दुसऱ्याच्या यादीवरून उतरवलेला संदर्भ. २००३ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी पदार्थविज्ञानातील एका प्रसिद्ध लेखाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांत १९६ ठिकाणी आकड्यांच्या चुका होत्या, पण निरनिराळ्या चुका अवघ्या ४५. पृष्ठक्रमांकाची एकच विशिष्ट चूक ७८ जणांनी केली होती! अठ्ठ्याहत्तर माणसे स्वतंत्रपणे तीच चूक करतील हे संभवत नाही. त्यांनी एकमेकांचे उतरवले. यावरून त्या संशोधकांनी अनुमान बांधले की उल्लेख करणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्केच मूळ लेख वाचत असावेत. कॉपी करणारा विद्यार्थी शेजाऱ्याची चूकही उतरवतो आणि तीवरूनच सापडतो, हे आपल्या प्राध्यापकांना नव्याने सांगायला नको.

अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारे संगणकीय कार्यक्रम २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आले. ते संदर्भही देतात. लेखक, शीर्षक, खंड, पृष्ठ, सारे व्हँकूवर पद्धतीने बिनचूक. पण कधीकधी तो लेख जगात अस्तित्वातच नसतो. स्वल्पविराम जागच्या जागी, आणि आधार मात्र हवेत. साचा शुद्ध असणे आणि संदर्भ खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यापूर्वी कधी इतके स्पष्ट झाले नव्हते.

तेव्हा करावे काय? मी बहिणीच्या लेखासाठी जी रीत ठेवली ती सांगते. प्रत्येक संदर्भाचा मूळ लेख उघडून समोर घ्यायचा. तिने केलेले विधान त्यात खरोखर आहे काय, कोणत्या पानावर आहे, ते पाहायचे. मगच नाव, शीर्षक, खंड, पृष्ठे मूळ पानावरून उतरवायची. दुसऱ्या कोणाच्या यादीवरून नव्हे. मूळ मिळालेच नाही तर तो संदर्भ यादीतून काढायचा. यात वेळ पुष्कळ जातो. बेचाळीस संदर्भांना मला तीन आठवडे लागले, आणि शेवटी यादीत छत्तीस उरले.

आपल्या कला शाखेलाही हे लागू आहे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध करू लागले. मूळ कागद पाहिल्यावाचून लिहायचे नाही, हाच त्यामागचा आग्रह होता. फरक एवढाच की आपल्या चुकीच्या संदर्भाने फार तर एखाद्या लढाईची तारीख चुकते. डॉक्टरांच्या चुकीच्या संदर्भाची किंमत कोणी अनोळखी रुग्ण मोजतो. त्याने ते नियतकालिक कधी पाहिलेले नसते. त्याच्या हातात असते ती केवळ चिठ्ठी, आणि ती लिहिणाऱ्यावरचा त्याचा विश्वास.